वार लावण्याची रीत आणि आजचा खेळाडू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दहावी व बारावीच्या परीक्षांत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार आपण नुकताच डोळे भरून पाहिला. असा समारंभ आपल्या मंडळाचे भूषण होय. आम्ही उभा जन्म शाळेत घालविला असल्यामुळे त्या मुलांच्या आईबापांच्या चेहऱ्यांवरील समाधान आम्हांस इतरांपेक्षा थोडे अधिक कळते. चालकांनी आम्हांस 'शिक्षण आणि समाज' ह्या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. त्यांची अनुमती घेऊन आम्ही विषय किंचित वळविला आहे. ज्यांचे नाव आज येथे पुकारले गेले नाही, आणि आपली रीत अशीच राहिली तर पुढील वर्षीही पुकारले जाणार नाही, परंतु ज्यांचे कष्ट यत्किंचितही उणे नाहीत, अशा मुलांविषयी आम्ही बोलणार आहोत. खेळ हाच आपला व्यवसाय करावा असे ज्यांनी ठरविले आहे, पण ज्यांच्या गळ्यात अद्याप पदक पडलेले नाही, अशी ही मुले होत.

विवेचनासाठी आम्ही लॉन टेनिसचे उदाहरण घेतो. आपल्या परभणी जिल्ह्यात कुस्ती, कबड्डी, खो-खो हे घरचे खेळ. टेनिस म्हणजे पूर्वीपासून साहेबलोकांच्या क्लबातील खेळ अशी समजूत. तरीही आम्ही तो निवडला, कारण उदयोन्मुख खेळाडूची आर्थिक ओढाताण ह्या खेळात आकड्यांनी स्पष्ट दिसते. येथे ना महिन्याचा पगार, ना संघाकडून मानधन. खेळाडूने स्वतःच्या खर्चाने स्पर्धेच्या गावी जावयाचे, स्वतःच्या खर्चाने राहावयाचे, आणि जिंकेल तेवढेच घरी आणावयाचे.

ह्या खेळात एक जागतिक क्रमवारी असते. तिला परीक्षेची गुणपत्रिका म्हणा. मात्र शाळेच्या गुणपत्रिकेत आणि हिच्यात मोठा फरक आहे. मॅट्रिकचे गुण एकदा मिळाले की जन्मभर आपले. टेनिसमधील गुण बावन्न आठवडे टिकतात. गेल्या वर्षी ह्या आठवड्यात मिळविलेले गुण ह्या वर्षी ह्याच आठवड्यात गळून पडतात, आणि त्यांच्या जागी नवे मिळवावे लागतात. जो आठवडा घरी बसून गेला, त्या आठवड्याने काही दिले नाही, उलट जुने तेवढे नेले. म्हणून ह्या मुलांना थांबता येत नाही. आजारपण, पावसाळा, बहिणीचे लग्न, कापसाचा पडलेला भाव, ह्यांपैकी कशाचीही सबब क्रमवारीस चालत नाही.

आता मिळकतीकडे पाहा. व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे पुरुषांच्या पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा. ही रक्कम सबंध स्पर्धेची, एका माणसाची नव्हे. अलीकडील वर्षांच्या तक्त्याप्रमाणे एकेरीच्या विजेत्यास २,१६० डॉलर मिळतात आणि मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यास १५६ डॉलर, म्हणजे आपले सुमारे तेरा-चौदा हजार रुपये. त्यांतूनही कर वजा जातो. आणि मुख्य स्पर्धेत येण्यापूर्वी बहुतेकांना पात्रता फेऱ्या खेळाव्या लागतात. रेल्वेचे किंवा विमानाचे भाडे, आठवड्याचे राहणे-जेवण, रॅकेटचे गटिंग, चेंडू, बूट आणि प्रशिक्षकाची फी ह्या सर्वांचा हिशेब त्या तेरा हजारांत कसा बसावा, हे गणिताच्या कोणत्याही मास्तरास सुटणार नाही.

कोणी म्हणेल, हे नवशिक्यांचे झाले. मोठ्या खेळाडूंस काय कमी? त्यासाठी सुमित नागल ह्यांचे उदाहरण सांगतो. हरियाणातील झज्जर जिल्ह्यातील जैतपूर हे त्यांचे गाव, वडील शाळामास्तर. लहानपणी महेश भूपती ह्यांच्या प्रशिक्षण योजनेत त्यांची निवड झाली. २०१९ साली अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्यांनी रॉजर फेडरर ह्यांच्याविरुद्ध पहिला सेट जिंकला. एवढा हा गुणी खेळाडू. पण २०२३ च्या सप्टेंबरात, एकेरीत भारतात पहिल्या क्रमांकावर असताना, आपल्या बँकेतील खात्यावर अवघे ९०० युरो, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये, उरले आहेत असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. इंडियन ऑइलमधील नोकरीचा पगार, बक्षिसांची रक्कम आणि महा टेनिस फाउंडेशनचे साहाय्य हे सारे ते खेळातच घालीत होते. ते जर्मनीतील एका अकादमीत सराव करीत असत; त्या वर्षाच्या आरंभी पैशाअभावी तेही अवघड झाले, तेव्हा सोमदेव देववर्मन ह्यांच्यासारख्या मित्रांनी हात दिला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण कौतुकाने म्हणतो. पण भारताच्या पहिल्या खेळाडूस त्या जर्मनीत दोन महिने राहण्यासाठी मित्रांकडे पाहावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढे काय झाले? चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, हेच नागल पात्रता फेऱ्यांतून ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत गेले आणि पहिल्या फेरीत एकतिसावे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिक ह्यांना त्यांनी हरविले. त्या एका विजयाने एक लाख ऐंशी हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे अठ्ठ्याण्णव लाख रुपये, त्यांच्या पदरी पडले. त्याच वर्षी ते जागतिक क्रमवारीत अडुसष्टाव्या स्थानापर्यंत चढले. मधल्या चार महिन्यांत त्यांनी खेळ सोडला असता तर? गुण तेच, कष्ट तेच, पण जग त्यांना 'जमले नाही' असे म्हणून मोकळे झाले असते.

हे दुखणे जगन्मान्य आहे. पुरुष खेळाडूंची व्यावसायिक स्पर्धामालिका चालविणाऱ्या एटीपी ह्या संघटनेने २०२४ पासून तीन वर्षांची एक योजना आखली. क्रमवारीतील पहिल्या शंभरांस वर्षाकाठी किमान तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ ह्या क्रमांकांस दीड लाख आणि १७६ ते २५० पर्यंत पंचाहत्तर हजार इतकी मिळकत व्हावी, बक्षिसांतून ती न भरल्यास उरलेली संघटनेने भरून द्यावी, असे २०२४ सालासाठी तिने ठरविले. योजना स्तुत्य आहे. पण तिची मर्यादा अडीचशेव्या क्रमांकाशी संपते. तीनशेव्या, पाचशेव्या, आठशेव्या क्रमांकावर जो मुलगा चाचपडत आहे, त्याच्यासाठी तिच्यात काही नाही. आणि अडीचशेव्या क्रमांकाचा प्रत्येक खेळाडू कधीतरी आठशेवा होताच. ती वाट त्याने कोणाच्या आधाराने चालावी, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्या महाराष्ट्रातील यशस्वी खेळाडूंची चरित्रे पाहिली, तर ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडते. त्यांच्या अवघड वर्षांत कोणी ना कोणी त्यांचा भार उचलला होता. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले. महार रेजिमेंटमध्ये असताना त्यांचे धावणे अधिकाऱ्यांच्या नजरेस आले. अन्न, वस्त्र, पगार आणि प्रशिक्षण सैन्याने दिले. त्यांनी २०१८ साली तीन हजार मीटर स्टीपलचेसमधील सदतीस वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांना वडिलांनी २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. २०१५ पासून त्यांना रेल्वेची नोकरी मिळाली. आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक त्यांनी मिळविले. दोहोंच्या मध्ये पंधरा वर्षे गेली. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले ह्या टेनिसपटू अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळल्या. पुढे हांगचौ येथे रोहन बोपण्णा ह्यांच्याबरोबर मिश्र दुहेरीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

आपल्या परभणीपुरते बोलावयाचे तर ज्योती गवते ह्यांचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या, आणि २०१९ साली दुसऱ्या. बेचाळीस किलोमीटरांची ती धाव आपण वर्तमानपत्रात वाचली व धन्यता मानली. परंतु त्या बेचाळीस किलोमीटरांच्या मागे सरावाचे किती हजार किलोमीटर असतात, आणि त्या प्रत्येक दिवशी धावणाऱ्या मुलीस दूध, फळे, बूट व वेळेवर विश्रांती लागते, ह्याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला?

ह्या विषयावर महाराष्ट्रास दुसरीकडून धडा घेण्याची वस्तुतः गरज नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. तेथे ते सहावे आले. सहावा क्रमांक म्हणजे पदक नाही, मिरवणूक नाही. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पुन्हा पैशांची वाण पडली. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत स्वतः लढून, प्राचार्यांचे घर सोडविण्यास पैसा दिला. मिरवणुकीची आठवण सर्व महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. आम्ही तुम्हांस गहाणखताची आठवण देऊ इच्छितो. ते सहाव्या क्रमांकाच्या मल्लावर लिहिले गेले होते, पदकविजेत्यावर नव्हे.

ज्या कोल्हापुरात हे घडले, तेथे त्याची परंपराच होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली, आणि त्याच महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला, खासबागेचे मैदान बांधविले. विद्यार्थ्याला वसतिगृह आणि मल्लाला खुराक ही एकाच राजाच्या दोन हातांची दाने होती. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांनी त्यांतील एक दान पुढे चालविले: वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या, गुणगौरव केले. दुसरे आपण सोडून दिले. राजे गेले, तेव्हा मल्लाच्या खुराकाचा भार कोणी घ्यावयाचा हे ठरलेच नाही.

ह्यावर जे आक्षेप येतात ते आम्हांस माहीत आहेत, आणि ते खोटे नाहीत. मध्यंतरी एका कापूस पिकविणाऱ्या बांधवांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, परीक्षेचा निकाल जूनपर्यंत लागतो. ह्या खेळाचा निकाल कधी लागायचा?" त्यांची मुलगी टेनिस खेळते. एक एकर जमीन त्यांनी विकली आहे. दुसरी विकावी की मुलीचे लग्न करावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. आम्ही त्यांना खोटा धीर दिला नाही. रोहन बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी, २०२४ साली, ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीचे विजेते झाले, हे खरे. पण असे शेकड्यांत एखादेच. बहुतेक मुले पहिल्या शंभरांत कधीही पोहोचणार नाहीत. आम्ही त्यांना इतकेच सांगितले, "निकालाची तारीख कोणीच सांगू शकत नाही, परंतु पेपर संपण्यापूर्वी मुलीला वर्गाबाहेर काढू नका, आणि पेपरासाठी सगळी जमीनही विकू नका." ते गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, ह्या दोहोंच्या मधली वाट एकट्या बापास काढताच येणार नाही. ती समाजानेच काढावयास हवी.

ती वाट कोणती? आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी परगावी शिकावयास गेला म्हणजे वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे मिळाली की त्याचा आठवडा निघे. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे, आणि मुलगा पदवीधर होऊन बाहेर पडे. त्याला जेवू घालणाऱ्या माउलीने त्याचे गुण विचारले नाहीत; तो शिकत आहे एवढे तिला पुरे होते. आम्ही सुचवितो की, हीच रीत आपण खेळाडूसाठी चालू करावी. टेनिसची क्रमवारी बावन्न आठवड्यांची असते. तेव्हा वारांऐवजी आठवडे लावावेत. बावन्न कुटुंबांनी वर्षातील एकेक आठवडा आपल्याकडे घ्यावा. त्या आठवड्याचा प्रवास, राहणे आणि आहार, निदान देशातील स्पर्धांपुरता, त्या कुटुंबाने पाहावा. एकास झेपत नसेल तर दोघातिघांनी मिळून एक आठवडा घ्यावा.

ह्यांतील पुष्कळसा भाग पैशांशिवायही होण्यासारखा आहे. पुणे, सोलापूर, नागपूर, नवी मुंबई येथे महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊन गेल्या आहेत. ह्या प्रत्येक शहरात आपले ज्ञातिबांधव नोकरी-धंद्यानिमित्त स्थायिक आहेत; त्यांचे पत्ते मंडळाच्या सभासद-यादीत आहेत. घरातील एक खोली, पहाटे पोटभर न्याहारी आणि मैदानापर्यंत सोबत एवढे मिळाले, तरी खेळाडूचा निम्मा खर्च वाचतो व आईबापांची चिंता त्याहून अधिक कमी होते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही लहान स्पर्धांच्या गावी स्थानिक कुटुंबे खेळाडूंना आपल्या घरी उतरवून घेतात. अतिथिधर्म सांगणाऱ्या आपण त्यांत लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

योजना नीट चालावी म्हणून काही नियमही हवेत. निवड क्रीडाशिक्षकांनी व जाणत्या प्रशिक्षकांनी करावी. चालकांच्या नातलगांनी नव्हे. मदत तीन वर्षांची असावी आणि दरवर्षी पाहणी व्हावी. पण पाहणीत पदके मोजू नयेत, क्रमवारी व परिश्रम पाहावेत. बारावीपर्यंतचे शिक्षण सुटू देऊ नये. खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण आहेत आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, तेव्हा शिक्षण व खेळ ही परस्परांची वैरी नव्हेत. मुलामुलींत भेद करू नये. किंबहुना मुलीचा आठवडा आधी भरावा, कारण तिच्यामागे लग्नाची घाई लागलेली असते. दिलेले परत मागू नये. मात्र तीन वर्षांनंतर जो खेळाडू पुढे जाऊ शकला नाही, त्याने जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी अशा आपल्या तालुक्याच्या गावी सुट्टीत मुलांना शिकवावे. अशा रीतीने त्याचे तीन वर्षांचे शिक्षण वाया जाणार नाही, आणि त्याच्याकडे 'हरलेला' म्हणून पाहण्याची आपली खोडही जाईल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुहेरीच्या खेळात जोडीदार लागतो, आणि जोडीदार खेळ पाहून निवडतात, ज्ञाती पाहून नव्हे. तेव्हा आपल्या मुलीबरोबर दुसऱ्या समाजाची मुलगी आली, तर तीही त्याच घरी उतरेल, त्याच पंक्तीस जेवेल आणि तिचाही आठवडा त्याच खर्चात निघेल. हे ज्यांना मान्य नसेल, त्यांनी आठवडा घेऊ नये.

अध्यक्षमहाराज, मंडळाच्या अंदाजपत्रकात शाली, श्रीफळे, मानचिन्हे व मंडप ह्यांसाठी दरवर्षी रक्कम धरलेली असते. ती सर्व काढून टाका असे आम्ही म्हणत नाही; गुणवंतांचा गौरव व्हावाच. पण त्यातील निम्मी रक्कम पहिल्या वर्षी ह्या कामी वळवावी, आणि सभासद-यादीच्या शेवटी बावन्न आठवड्यांचा कोरा तक्ता छापावा, अशी आमची सूचना आहे. ती आजच्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव म्हणून मांडण्याची परवानगी असावी. तक्त्यातील पहिला आठवडा आमच्या नावे लिहून घ्यावा. निवृत्तिवेतनात तो बसतो, हे आम्ही घरी विचारून आलो आहोत.

उरले एक्कावन्न.